घराखालचा किनारा

सोमवार

आलो एकदाच्या! बोटीनं सगळ्यांची आतडी ढवळून काढली, निम्मी बोट पिशव्यांत तोंड घालून बसली होती. मी नाही हो. मी आपली गालात आल्याचा तुकडा धरून बसले, आणि डूडू माझ्या मांडीवर डोकं टाकून टोबॅगो येईपर्यंत घोरत होती. सहा वर्षांची पोर, पण घोरणं पिंपासारखं. आजोबांवर गेलीय.

ही वही तिनंच दिली. म्हणाली, ग्रॅनी, रोज कुठल्या किनाऱ्यावर गेलो ते लिहायचं, मम्मी आली की वाचेल. म्हटलं, बाई, मी तिसरीत शाळा सोडली, तेव्हापासून हातात पळी धरली ती धरली, पेन कुठलं? तर म्हणते, मग पळीसारखं धर. घ्या! वाढली टोरांटोत, पण उत्तर आमच्या अरीमाच्या बाजारातलं.

जर्लीन, माझी लेक, तिकडं पोर्ट ऑफ स्पेनला सासूच्या उशाशी बसलीय. म्हातारी इस्पितळात आहे. पुढच्या बुधवारी बोटीनं येईल आणि डूडूला घेऊन परत कॅनडाला जाईल. मला एकटीला पोर द्यायला का-कू करत होती. मम्मी, तू दमतेस, झेपेल का तुला? म्हटलं, शाळेच्या भटारखान्यात जन्म काढला, शेकडो पोरांची पोटं भरली, एक चिमणी नाही सांभाळता येणार? मग म्हणाली, ठीक आहे, हे नीट पार पडलं तर दर ईस्टरला पाठवीन. दर ईस्टरला! तेव्हापासून मी गुडघ्यांना दम भरून ठेवलाय, की आठ-दहा दिवस गप राहा, मग काय कुरकुरायचं ते कुरकुरा.

जन्मभर समोरच्या त्रिनिदादमध्ये राहिले, पण टोबॅगोला फिरायला म्हणून कधी आले नव्हते. सगळं जग येतं, आम्ही तेवढे नाही. घर छान आहे, टेकडीवर, पुढं ओसरी. गावाचं नाव आन्स मारी. मालकीण टँटी ऑल्विन माझ्याहून धाकटी असेल, पण सारं गाव टँटी, म्हणजे मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ओसरीवरून खाली बघितलं तर झाडीतून पायवाट उतरते आणि तिच्या टोकाला एवढासा किनारा, एका अंगाला ओढा समुद्राला मिळतो. चिटपाखरू नाही. म्हटलं, अगं हा तर दारातच आहे! टँटी म्हणाली, तिकडं कशाला, एवढ्या लांबून आलात तर चांगले किनारे बघा. लाटा मोठ्या आहेत का, विचारलं. नाही म्हणाली. आणि उशीला अभ्रा घालत बसली.

मंगळवार

आज स्टोअर बे. किनारा कसला, जत्रा! खेकड्याचा रस्सा आणि पिठाचे गोळे खाल्ले, तेही अशा बाईच्या हातचे की मी विचारलं, रश्शात नारळ आधी की मागून? तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं. डूडूच्या नाकापासून कोपरापर्यंत रस्सा. पिवळ्या फ्रॉकचं तर बोलायलाच नको.

ऊन फार, म्हणून तिला झावळीची हॅट घेतली. मोठीच निघाली, हनुवटीपर्यंत येते. तोंड दिसतच नाही. टॅक्सीवाला कथबर्ट म्हणाला, ग्रॅनी, तुम्ही पोर आणली होती, आता टोपलीला पाय फुटलेत! हा कथबर्ट वात्रट आहे. मी गाडीतून उतरताना म्हणतो, गुडघ्यांना ग्रीस लावू का? म्हटलं, आधी तुझ्या जिभेला कमी लाव.

घरी येऊन जरा टेकते म्हटलं, ते डोळे मिटले ते एकदम जेवणालाच उघडले.

बुधवार

डूडूनं नवा खेळ काढलाय. हॅटमध्ये चार वस्तू टाकायच्या, डोळे मिटून एक काढायची, निघेल त्या किनाऱ्यावर जायचं. खेकड्याची नांगी म्हणजे स्टोअर बे. पारव्याचं पीस म्हणजे पिजन पॉइंट. पोवळ्याचा तुकडा म्हणजे कास्तारा. कोकोची बी म्हणजे इंग्लिशमन्स बे. आज कोकोची बी निघाली. नेमका लांबचा!

पण काय तो किनारा! रान पार वाळूपर्यंत आलेलं, पाणी हिरवं. मी झाडाखाली बसले आणि डूडू लांब गेली की टाळ्या वाजवत होते. तिनं विचारलं, बाकीच्यांना नावानं हाका मारतात, मला टाळ्या का? मी काय कोंबडी आहे? मग सांगितलं. माझ्या आजीनं मला सांगितलं होतं तसंच. जी लेकरं बाप्तिस्म्याच्या आधी जातात ती डुएन होतात. रानात, ओढ्याकाठी हिंडतात. डोक्यावर मोठी हॅट, हॅटखाली तोंड नाही, आणि पाय उलटे, टाच पुढं बोटं मागं. उघड्यावर कुणी लेकराचं खरं नाव घेतलं की ती ते उचलतात, मग त्याच नावानं हाक मारून लेकराला खेळायला नेतात. म्हणून घरचं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं. तू डूडू. ते दुसरं नाव माझ्या आईचं आहे, ते फक्त चर्चमध्ये आणि शाळेत.

मला वाटलं घाबरेल. घाबरते कसली! उठली आणि ओल्या वाळूत पाठमोरी चालत माझ्याकडं आली. म्हणाली, बघ ग्रॅनी, पावलं बघ, वाटतं की मी तुला सोडून गेले, आणि मी तर तुझ्याकडं आलेय! इतकं हसलो आम्ही, की शेजारचे गोरे पाहुणेपण हसायला लागले, कशाला ते माहीत नसताना.

वर चढताना मात्र जीव गेला. कथबर्टनं हात धरून ओढली मला. चेष्टा केली नाही त्यानं. ते जास्त लागलं.

गुरुवार

पीस निघालं. पिजन पॉइंट. वाळू पिठासारखी, गर्दी मुंग्यांसारखी. डूडू दिवसभर पाण्यात आणि मी दिवसभर उन्हात, कारण सावलीतल्या जागा सकाळीच संपलेल्या.

जर्लीनचा फोन आला. मम्मी, आवाज दमलेला वाटतोय. म्हटलं, हसून हसून बसलाय गं. पाय सुजलेत ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर उद्याच्या बोटीनं आली असती, आणि मग कसला दर ईस्टर.

गुड फ्रायडे

आज समुद्रात पाय घालायचा नाही. गुड फ्रायडेला पाण्यात जाईल त्याचा मासा होतो, हे आमच्याकडं रांगतं पोरसुद्धा जाणतं. चर्चला जाऊन आलो, मासळी खाल्ली, खुसखुशीत पाव खाल्ला, तरी दुपार उरलीच. डूडू म्हणाली, पाण्यात नाही तर नाही, नुसती वाळू तर चालेल? मी विचार केला, पोहायचं नाहीच तर कथबर्टला कशाला सणाच्या दिवशी बोलवायचं, आणि हे माझे गुडघे. घराखालचाच बघू. टँटी ऑल्विन चर्चमध्येच होती, नाहीतर विचारलं असतं.

उतरलो. वाळू काळसर आहे पण मऊ. बदामाची गार सावली. मी म्हटलं, इतके दिवस गावभर फिरलो वेड्यासारखे! जरा टेकले.

डोळे उघडले तर डूडू पाण्याच्या कडेला, फ्रॉक वर धरलेला, एक पाय उचललेला, आणि लाट येतेय. गुड फ्रायडेला! टाळ्या वाजवल्या, ऐकू जाईना. डूडू म्हणून ओरडले, लाटेच्या आवाजात ऐकू जाईना. मग माझ्या तोंडून सगळं नाव बाहेर पडलं, तिचं, आडनावासकट, भटारखान्यात ओरडायचे तसं, खणखणीत. ऑगस्टीना!

थांबली पोर. पाय मागं घेतला. लाट तिच्यापुढं येऊन फुटली.

आणि ओढ्याच्या बाजूनं तेच नाव परत आलं, बारीक आवाजात. प्रतिध्वनी असेल म्हटलं. पण त्या बाजूला कडा नाही की भिंत नाही, नुसती झाडं आहेत.

हात धरून वर आणली. चढताना दोनदा बसले.

शनिवार

सकाळी डूडूनं हॅटमध्ये हात घातला आणि काळा गोटा काढला. गुळगुळीत, ओढ्यातला असतो तसा. ओला. मी म्हटलं, हा कुठला किनारा? ती म्हणाली, मी नाही घातला ग्रॅनी. मीही नव्हता घातला. फेकला झाडीत आणि पोवळं काढायला लावलं, कास्ताराला गेलो. वाटेत डूडू म्हणाली, इथं शाळा आहे का? का गं? तर म्हणे, सकाळी ओसरीखालून कुणीतरी शाळेतलं नाव घेऊन बोलावत होतं. इथं कुणाला माहीत आहे?

कास्ताराला भाजलेला पाव खाल्ला. काय खाल्लं ते आठवत नाही खरं तर.

परत आल्यावर टँटी ऑल्विनला सांगितलं. ती मटकन खाली बसली. मग उठून मला अशी बोलली की सासूही बोलली नव्हती. एवढ्या वयाची बाई तू, त्रिनिदादची असलीस म्हणून काय झालं, तुझ्या आजीनं तुला काही शिकवलं नाही? म्हटलं, शिकवलं होतं गं, पण गुड फ्रायडे होता, पोर पाण्यात पाय घालत होती. ती परत खाली बसली. म्हणाली, हो, मीही ओरडले असते. मग सांगितलं, बुधवारपर्यंत तिला डोळ्याआड करू नको. ओढ्याकडं जाऊ नको. आणि जर कधी गेलीच, तर लांबून हाका मारत बसायचं नाही, जिनं उघड्यावर नाव घेतलं तिनंच जायचं, हाताला धरायचं आणि आणायचं.

रात्रभर तिचा हात धरून झोपले. झोपले म्हणजे पडले.

ईस्टर रविवार

ख्रिस्त उठला! चर्चमध्ये सगळ्या बायका रंगीत हॅटा घालून, मी माझी जांभळी. डूडू पिवळ्या फ्रॉकमध्ये, धुऊन इस्त्री केलेल्या. पाद्रींनी तिच्या कपाळावर पवित्र पाणी लावलं. माझं मन एकदम हलकं झालं. म्हटलं, आज देवाचा दिवस, आज कुणाची छाती आहे?

दुपारी कथबर्टला फोन केला तर तो म्हणाला, ग्रॅनी, सगळा रस्ता तुंबलाय, आज मी विमान चालवलं तरी यायचा नाही. डूडूनं हॅटमध्ये हात घातला. परत तो काळा गोटा. रडायला लागली, म्हणाली आता सुट्टी संपत आली, आणि आजचा दिवस घरातच जाणार. माझी रात्रीची झोप नाही, पाय पोळीसारखे फुगलेले. ईस्टर आहे, लख्ख दुपार आहे, ओढ्यापासून लांब बसू, असं म्हणून उतरलो.

चटईला चटई लावून बसलो. तिचा हात माझ्या हातात होता. समुद्र असा शांत, असा एकसुरी. जरा टेकले.

जाग आली तेव्हा हात रिकामा. धडपडत उठून बसले. पण बघते तर डूडू माझ्या डोक्यामागं बसलेली, हॅट घालून, गुडघे फ्रॉकमध्ये दुमडून. किती गुणाची! वाळूत बारकी पावलं उमटलेली, दोन ओळी, दोन्ही चटईपासून ओढ्याकडं गेलेल्या. म्हटलं, गेली होतीस ना तिकडं? दोनदा गेलीस? हॅट आणखी खाली ओढली. रागवायचं बळ नव्हतं. ओढ्यापलीकडं, उन्हासमोर नुसती काळी दिसणारी एक पोरगी उघड्या डोक्यानं उड्या मारत होती, हात हलवत होती, काहीतरी ओरडत होती. कुणाचं ध्यान उन्हात सोडलंय, म्हटलं. मीही हात हलवला.

वर येताना डूडूनं घाई केली नाही. मी थांबले की थांबायची. माझ्यामागून यायची.

सोमवार

केवढा फरक पडलाय पोरीत! आज हॅट पुढं केली तर म्हणाली, ग्रॅनी, नको कुठं जायला, तू दमतेस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मला रेड्यासारखी ओढत होती, आणि आज बघा. दिवसभर आत बसली. मीही टेकले, उठले, परत टेकले. इतकं टेकून थकवा जायला हवा होता. वाढलाय.

हॅट काढत नाही. आतसुद्धा. झोपतानासुद्धा. घोरली नाही.

टँटी ऑल्विननं खेकड्याचा रस्सा पाठवला, डूडूनं हात लावला नाही. पलंगाखाली झाडलं तर खेकड्यांची कवचं निघाली. कच्चीच फोडलेली, ओढ्यातल्या बारक्या खेकड्यांची.

जर्लीनचा फोन. डूडूला दिला. जर्लीन म्हणाली, कशी आहेस बाळा? ही म्हणाली, कशी आहेस बाळा. जर्लीन म्हणाली, मम्मी येतेय हं. ही म्हणाली, मम्मी येतेय हं. जर्लीन हसली. मीही हसले. मग हसू राहिलं नाही.

ओसरीवरून बघितलं. ती पोरगी अजून ओढ्याकाठी आहे. घरी नाही गेली वाटतं. मला बघितलं की हात हलवते.

मंगळवार

आज बक्कू गावाला बोकडांच्या शर्यती. सगळं गाव गेलंय. टँटी ऑल्विनही गेली. जाताना मी विचारलं, ती ओढ्याकाठची पोरगी कुणाची? ती म्हणाली, कुठली पोरगी? या अंगाला कुणाच्याच घरात लेकरू नाही. मग घाईत निघून गेली, कथबर्टची गाडी भोंगा वाजवत होती.

दुपार

मी बसून विचार केला. माझं डोकं हळू चालतं.

पावलांच्या दोन ओळी होत्या. दोन्ही जाणाऱ्या. परत येणारी एकही नाही. डूडू ओढ्याकडं गेली असती तर परत आलेली पावलं कुठायत? आणि ती तर माझ्याजवळ बसली होती.

मग ते आठवलं. बघ ग्रॅनी, वाटतं की मी सोडून गेले, आणि मी तर तुझ्याकडं आलेय.

एक ओळ गेली. एक ओळ आली. जी आली तिच्या टाचा पुढं —

ओसरीवर गेले. खाली आहे ती. पिवळा फ्रॉक. माझ्या हातानं इस्त्री केलेला. मी तिला कुणाचं ध्यान म्हटलं. मी हात हलवला तिला. दोन रात्री ती — माझं बाळ — आणि मी इथं वर टेकत होते —

नंतर

आतल्या हिच्या अंगातही तसाच पिवळा फ्रॉक. तिला म्हटलं, ये, केस विंचरते, हॅट काढ. म्हणाली, तू काढ. माझा हात पुढं झाला नाही. पाय चादरीखाली ठेवलेत तिनं.

जर्लीन, वही टेबलावर ठेवते. उद्या आलीस की आधी तिचे पाय बघ. तोंड नको. पाय. खाली ओढ्याकाठी जी आहे ती तुझी. लांबून हाक मारू नको, हाताला धर. मला माफ कर असं नाही म्हणत, नको करूस. फक्त पाय बघ.

मी खाली जातेय. मीच जायला हवं, टँटीनं सांगितलंय. चप्पल घातली. वाट उतरायला —

गुडघे उचलत नाहीत. टेबल धरून उभी राहिले, बसले.

खालून हाक येतेय. आवाज फुटलाय तिचा. ग्रॅनी. आतूनही येतेय, त्याच वेळी, त्याच आवाजात. ग्रॅनी.

ही उठलीय. आली. माझ्या पायाशी बसली. गुडघ्यांवर हात ठेवले. गार आहेत. दुखणं थांबलं बाई. किती वर्षांनी थांबलं. म्हणते, दमलीस ना. म्हणते, बस.

खाली पाण्यात शिरलीय माझी डूडू. कमरेपर्यंत. माझ्याकडं बघतेय. उठते. आता उठते. पाय लागत नाहीत कुठं — हलकं वाटतंय — उठतेच —

हाक बारीक झाली. येते गं राणी. येते. जरा टेकते, मग